उजवीकडचा खालचा कोपरा

लोकांच्या घरी गेलो आणि भिंतीवर तिरकी फ्रेम दिसली, की माझा हात आपोआप वर जातो. चहा येईपर्यंत मी ती सरळ केलेली असते. यजमान हसतात आणि बायको माझ्याकडे बघून डोळे वटारते. लहानपणी आत्यानं माझं नाव ओळंब्या ठेवलं, ते काही उगीच नाही. भिंत उभी सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. पुढे मी धंदाही स्वभावाला साजेसाच धरला. घरोघरी प्रोजेक्टर आणि पडदे बसवतो.

आमच्या धंद्यात दोन प्रकारची माणसं असतात, मोजणारी आणि रिमोटवाली. मोजणारा आधी पडदा कुठे येणार ते ठरवतो, पडद्याचा मध्य काढतो आणि प्रोजेक्टर छताला उलटा टांगताना त्याचं भिंग त्या मध्यासमोर, पडद्याच्या वरच्या कडेच्या उंचीला आणतो. मग चित्र आपसूक चौकोनी पडतं. रिमोटवाला सापडेल त्या जागी भोकं पाडतो आणि चित्र पडद्यावर यावं म्हणून प्रोजेक्टर वाकवतो, वळवतो. चित्राची एक बाजू मोठी होते, एक लहान. मग हा बहाद्दर रिमोटवरचं कीस्टोनचं बटण दाबतो. ते बटण चित्राचे कोपरे आत ढकलून त्याचा पुन्हा चौकोन करून दाखवतं. दाखवतं, एवढंच. प्रोजेक्टर वाकडा तो वाकडाच राहतो, आणि जो कोपरा भिंगापासून सगळ्यात लांब, तिथली अक्षरं पुसट होतात. रिमोटवाल्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आत्या रफूचं काम करते. सिगारेटनं जळलेले कोट, कसर लागलेले स्वेटर, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी, असं सगळं तिच्याकडे यायचं. कापडाच्या आतल्या शिवणीतून ती चार धागे ओढून काढायची आणि भोकावर उभे-आडवे विणून टाकायची. काम झाल्यावर भोक कुठे होतं ते खुद्द मालकाला सापडत नसे. म्हणूनच तिचा एक नियम होता. उलट्या बाजूला, रफूच्या शेजारी, ती लाल दोऱ्याचा एक बारीक टाका घालायची आणि कपडा परत देताना त्याच्यावर बोट ठेवून दाखवायची. "इथे दुरुस्त केलंय. इथे फार ओढाताण करू नका." एकदा मी विचारलं होतं, की एवढं बेमालूम करायचं आणि मग आपणच कशाला दाखवायचं? ती म्हणाली, "अरे, कपडा त्याचा आहे. कुठे फाटला होता ते त्याला नको का ठाऊक असायला?"

माझी आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. वडिलांची नोकरी फिरतीची. मी आत्याच्या पुढच्या खोलीत वाढलो. छताला एक हूक होता, हुकाला लांब वायरचा दिवा, दिव्याखाली तिचं टेबल आणि टेबलाखाली मी. ती शिवायची आणि मी खाली पडलेले धागे रंगाप्रमाणे लावायचो. एखादा धागा चुकीच्या ढिगात गेला तर वरूनच ओरडायची, "ओळंब्या, निळा आणि काळा सारखा दिसतो का तुला? डोळा आहे का बटण?"

मागच्या वर्षी तिला ऐकू कमी यायला लागलं. कानातलं यंत्र ती दोन दिवस लावून डब्यात ठेवायची. तिला सिनेमाचं भारी वेड, पण टीव्हीवरची खालची अक्षरं मुंगीएवढी. मी ठरवलं, आत्याला भिंतभर पडदा द्यायचा. आवाज नाही आला तरी खालच्या पट्टीत अक्षरं मोठी दिसतील आणि ती सिनेमा आरामात वाचेल. चांगलं केलं, असं मला फार वाटलं होतं.

आणि तिथेच मी माती खाल्ली. परक्याचं घर असलं तर मी टेप, लेव्हल, कागद-पेन्सिल घेऊन अर्धा दिवस मोजतो. आत्याच्या घरी टेप पिशवीतून काढलीच नाही. मला ती खोली तोंडपाठ होती ना! खोलीचा मध्य कुठे, तर दिवा टांगला होता तिथे. हुकाशेजारी मी चार भोकं पाडली, फास्टनर ठोकले, बरोबर आणलेला आखूड पाइप लावला आणि प्रोजेक्टर टांगला. मग भिंतीवर आधीच बसवलेला पडदा उघडला. समोरच्या भिंतीला डाव्या बाजूला खिडकी आहे, त्यामुळे पडदा उजवीकडे सरकवावा लागला होता. मी खोलीचा मध्य धरला होता, पडद्याचा नाही. शिवाय छत माझ्या आठवणीपेक्षा बरंच उंच निघालं. टेबलाखालून मला ते कुठेही असलं तरी उंचच दिसलं असतं म्हणा.

म्हणजे प्रोजेक्टर डावीकडे पडला आणि वरही राहिला. खरं तर तेव्हाच सगळं उतरवून, लांब पाइप आणून, नवी भोकं पाडायला हवी होती. पण आत्या खुर्ची मांडून बसलीसुद्धा होती. समोरच्या घरातल्या बाईंनाही तिनं हाक मारून आणलं होतं. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांना आत्या सांगत होती, "हा माझा भाचा. याचा डोळा माझ्यावर गेलाय. केसभर इकडचं तिकडं याला चालत नाही."

मी प्रोजेक्टर उजवीकडे वळवला, खाली वाकवला आणि रिमोट हातात घेतला. कीस्टोनचं बटण सतरा वेळा दाबलं. मोजलं, म्हणून आठवतंय.

चित्र चौकोनी झालं. दोघींनी टाळ्या वाजवल्या. सिनेमा सुरू झाला आणि दहा मिनिटांनी आत्या म्हणाली, "ओळंब्या, वाक्याची सुरुवात छान दिसते रे. शेवटचे दोन-तीन शब्द मात्र पाण्यात भिजल्यासारखे दिसतात."

मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. उजवीकडचा खालचा कोपरा. भिंगापासून सगळ्यात लांब. मला कारण कळायला एक क्षणही लागला नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या, आत्या माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "आत्या, डोळे तपासून घे एकदा. मोतीबिंदूची सुरुवात असेल. या वयात व्हायचंच."

"असं म्हणतोस?" ती म्हणाली. बाईंनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं, पण त्यांना ऐकू येत होतं, त्या कशाला खालची अक्षरं वाचतील? "मोठा पडदा खोटं बोलत नाही हो," एवढं म्हणून त्या पुन्हा सिनेमात रमल्या.

नाचता येईना अंगण वाकडं, हे शाळेत मी फळ्यावर लिहिलं होतं. इथे अंगणही सरळ होतं. मी आत्याच्या डोळ्यांना वाकडं म्हणून मोकळा झालो.

येत्या रविवारी लांब पाइप घेऊन येतो आणि गुपचूप नीट करून टाकतो, असं मी जिन्यातच ठरवलं. त्या रविवारी एका गिऱ्हाइकाचं काम निघालं. पुढच्या रविवारी मुलीची परीक्षा होती. मग तिकडे जायचंच टाळायला लागलो. फोनवर बोलायचो. "डोळे कसे आहेत?" हे मात्र कधी विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं, तशी गत. लांब पाइप दुकानाच्या कोपऱ्यात उभा होता आणि येता-जाता मला दिसत होता. असे आठ महिने गेले.

मग एका संध्याकाळी बायको माझा करडा कोट हातात घेऊन परत आली. त्याची बाही दाराच्या कडीला अडकून फाटली होती, ती रफू करून घ्यायला म्हणून ती आत्याकडे गेली होती.

"अहो, आत्यांनी काम बंद केलंय. तुम्हाला काही बोलल्या नाहीत?"

"बंद म्हणजे?"

"म्हणजे बंद. डोळे गेले म्हणाल्या. टेबल भिंतीला लावून ठेवलंय, वर फुलदाणी. सुयांचा डबासुद्धा समोरच्या बाईंना देऊन टाकला. पाच महिने झाले."

मी कोट तिच्या हातून घेतला आणि फाटकी बाही चाचपत उभा राहिलो. बायकोनं विचारलं, काय झालं, तर म्हणालो, काही नाही. तिच्याही समोर मूग गिळून बसलो.

दुसऱ्या दिवशी दुकानातून लांब पाइप आणि हत्यारांची पिशवी काढली, शटर पुन्हा ओढलं आणि करडा कोटही बरोबर घेतला. आत्याकडे गेलो तर ती खिडकीत बसली होती. नुसती. मी जन्मात तिला रिकाम्या हातानं बसलेली पाहिली नव्हती.

"काम का बंद केलंस?" मी जवळजवळ ओरडलोच. तिला ऐकू यावं म्हणून ओरडलो, असं मी स्वतःला सांगितलं.

"अरे, तूच नाही का पहिल्यांदा ओळखलंस? तू म्हणालास आणि मग माझ्याही लक्षात यायला लागलं. टाका घातला की वाटायचं, नीट दिसला का? मग उसवायचा. परत घालायचा. एका माणसाचा कोट होता, लग्नातला, बापानं शिवून दिलेला. त्याचा चुकीचा धागा ओढला मी. हात थरथरला ना. भोक होतं त्याच्या दुप्पट झालं. त्याच्या पाया पडायची राहिले होते. तो बिचारा 'असू द्या, असू द्या' म्हणत कोट घेऊन गेला. त्या दिवशी कानाला खडा लावला."

"आणि डॉक्टर? डॉक्टरकडे गेली नाहीस?"

"गेले की! तो म्हणतो, नंबर तोच आहे, मोतीबिंदू नाही, काही नाही. डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब दिले." ती हसली. "डॉक्टर धीरच देणार रे, त्यांचं कामच ते. माझ्या तोंडावर खरं बोलायला आपलं माणूस लागतं. तू बोललास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या क्षणी सांगून टाकायला काय हरकत होती? पण जीभ रेटेना. "प्रोजेक्टर बघतो जरा," एवढंच मी म्हणालो.

या वेळी मी मोजलं. टेपचं एक टोक आत्याला धरायला दिलं. पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, मग निम्मं. छतापासून पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत. जुन्या भोकांपासून नव्या मध्यापर्यंत अंतर भरलं बावीस सेंटिमीटर. अंगठा आणि करंगळी ताणून एक वीत. तेवढ्यासाठी.

"मागल्या वेळी मोजलं नव्हतंस," आत्या टेपचं टोक धरून म्हणाली.

"नव्हतं," मी म्हणालो.

"मग आज कशाला?"

मी ड्रिल सुरू केलं. तिला त्याचा आवाजही नीट ऐकू आला नसेल, पण उत्तर न देण्यासाठी मला तो पुरला.

दुपारपर्यंत काम झालं. लांब पाइपवर प्रोजेक्टर समपातळीत टांगला, कीस्टोनचं सतरावरून शून्य केलं आणि उभ्या-आडव्या पांढऱ्या रेघांचं चित्र पडद्यावर सोडलं. चारही कोपऱ्यांत रेघा तिच्या सुईसारख्या बारीक पडल्या. मग अर्धवट राहिलेला एक सिनेमा लावला आणि आत्याला खुर्चीवर बसवलं.

ती वाचायला लागली. आधी मनात, मग पुटपुटत, मग मोठ्यानं. एक वाक्य शेवटपर्यंत वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्या वाक्याला तिनं माझा हात धरला.

"ओळंब्या, दिसतंय रे! शेवटपर्यंत दिसतंय! थेंबांचा गुण आला बघ. आणि मी म्हणत होते, डॉक्टर काही कामाचा नाही! उद्याच जाऊन त्याला सांगते."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझी आयती सुटका झाली. डॉक्टरचे थेंब चांगले, माझा पडदा चांगला, सगळं गोड. कोणाला काही कळणार नव्हतं. मी तिच्या आनंदात आनंद मिसळला, म्हणालो, "बघ, मी म्हटलं नव्हतं का, होईल बरं?" असं मी कधीच म्हटलं नव्हतं. एक खोटं झाकायला मी दुसरं सांगितलं, आणि तेही किती सहज.

मग स्टुलावर चढून जुनी चार भोकं बुजवायला घेतली. पुट्टी कालवली होती, ती लावायचा पत्रा हातात होता. वाळल्यावर रंगाचा एक हात मारला की तिथे भोकं होती हे मला स्वतःलाही सापडलं नसतं.

"आता टेबल परत मध्ये घेऊ या," मी वरूनच मोठ्यानं म्हणालो. "माझा कोट आहे, त्याच्यापासून सुरुवात कर."

"नाही रे बाबा." ती पडद्याकडे बघत बसली होती. "सिनेमा दिसतोय एवढं पुष्कळ झालं. थेंबांचा गुण आज आहे, उद्या नाही. लोक मोठ्या विश्वासानं कपडे टाकतात. मधेच डोळ्यांनी दगा दिला तर? त्या कोटासारखं पुन्हा नाही व्हायचं माझ्या हातून. सुई गेली ती गेली."

पत्र्यावरची पुट्टी स्टुलावर टपकली. आत्याचा डोळा शाबूत होता, हात शाबूत होता, आणि माझ्या तोंडच्या एका वाक्यापायी ती उरलेलं आयुष्य खिडकीत रिकामी बसणार होती. पडदा सरळ केल्यानं त्यातलं काहीच सरळ झालं नव्हतं. पहिलं भोक मी भरून टाकलं होतं, तीन बाकी होती.

खाली उतरलो. प्रोजेक्टर बंद केला. तिच्यासमोर जमिनीवर बसलो, म्हणजे माझे ओठ तिला नीट दिसतील.

"आत्या, तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. मी प्रोजेक्टर वाकडा लावला होता. पडद्याचा मध्य सोडून दिव्याच्या हुकाशेजारी लावला. मोजलं नाही. त्याच्यामुळे उजवीकडचा कोपरा पुसट होता. कोणालाही पुसटच दिसला असता."

तिनं भुवया आवळल्या. ऐकू आलं नसेल, असं मला क्षणभर वाटलं. खरं सांगायचं तर, आलं नसावं अशी आशा वाटली.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तू म्हणालीस तेव्हाच."

"म्हणजे मोतीबिंदू म्हणालास तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

मी वाट बघत होतो. एक कानाखाली बसली असती तर बरं वाटलं असतं. ती उठली, भिंतीला लावलेल्या टेबलाजवळ गेली आणि त्याच्यावर हात फिरवला. फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली. टेबलावर फुलदाणीच्या तळाचं गोल वर्तुळ उमटलं होतं, ते तिनं पदरानं पुसायचा प्रयत्न केला. निघालं नाही.

"तो माणूस," ती म्हणाली, "त्याला वाटत असेल, म्हातारी आंधळी झाली होती, तरी हावरटासारखं काम घेतलं. बापानं शिवून दिलेला कोट होता त्याचा."

"मी जातो त्याच्याकडे. सांगतो."

"जाशीलच." हे तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

मी पुन्हा स्टुलाकडे वळलो. हाताला काहीतरी काम हवं होतं. पत्रा उचलला तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"ती भोकं बुजवू नकोस."

"वाईट दिसतात गं आत्या. खुर्चीवर बसलं की डोक्यावरच येतात."

"दिसू देत. भरलंस तेही उकरून काढ." मग ती टेबलावर बोट टेकवून म्हणाली, "रफूच्या मागे मी लाल टाका कशाला घालते रे?"

तीस वर्षांनी मी पुन्हा टेबलाखाली बसलो आहे असं मला वाटलं. "मालकाला कळावं म्हणून," मी म्हणालो.

"डोळे कोणाचे होते?"

"तुझे," मी म्हणालो आणि स्टुलावर चढलो.

ओली पुट्टी मी खिळ्यानं उकरून काढली. मग तिनं टेबलाचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही ते दिव्याखाली आणलं. ती खुर्ची ओढून बसली आणि माझ्या करड्या कोटाची बाही उलटी करून बघायला लागली. शिवणीतून एक धागा नखानं सोडवला, उजेडात धरला. बोटं थरथरत होती. धागा तिनं खाली ठेवला, हात झटकले आणि पुन्हा उचलला. ती थरथर आता किती दिवस राहणार, हे ना तिला ठाऊक होतं ना मला. तेवढं मात्र मोजायला माझ्याकडे टेप नव्हती.

"सुई हवी," ती म्हणाली. "बाईंकडे माझा डबा आहे. घेऊन ये."

"आणतो."

"आणि का परत मागतेय ते त्यांना सांग. सगळं सांग. त्या दिवशी त्या इथेच बसल्या होत्या."

मी बाहेर आलो. समोरचं दार चार पावलांवर. ती चार पावलं मला आठ महिन्यांत टाकता आली नव्हती, आणि आता मागून आत्या उघड्या दारातून बघत होती. तिला ऐकू येणार नव्हतं, पण ओठ वाचता येत होते. मी बेल वाजवली.

बाईंनी दार उघडलं आणि मला बघून खुलल्या. "अरे, ओळंब्या! ये ये. काय म्हणतात आत्याचे डोळे?"

"चांगले आहेत," मी म्हणालो. "पहिल्यापासून चांगलेच होते, बाई."

मी जरा बाजूला सरकलो, म्हणजे आत्याला माझं तोंड नीट दिसेल, आणि पुढचं सांगायला लागलो.